चिऱ्याच्या भिंतीतले गोचीड

आमचं घर सावंतवाडीजवळच्या एका वाडीत आहे. जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी आणि खळं. चिरा कितीही देखणा असला तरी मुळात भोकाभोकांचा दगड. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना या भोकांत कोण राहतं ते सांगायला नको. होळी झाली की रात्री पडवीत बॅटरी घेऊन उभं राहावं. रक्त पिऊन टम्म झालेल्या माद्या भिंतीवरून वर चढताना दिसतात. एरंडाचं बी असावं तशा राखाडी, टपोऱ्या, आणि चालायची अजिबात घाई नसलेल्या.

घरात दोन कुत्री, एक मांजर आणि अंगणात कोंबड्या. टायगर थोरला. त्याला अधूनमधून फिट येते, त्यासाठी फेनोबार्बिटल चालू आहे. राणी धाकटी, धडधाकट, दिवसभर काजूच्या बागेत हुंदडणारी आणि संधी मिळाली की व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उडी मारणारी. मनी मांजर रात्री टायगरच्या पोटाला पाठ लावून झोपते. हे सगळं सांगते आहे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय या तिघांच्या मांडणीवरच अडला.

एका मे महिन्यात राणीनं जेवण सोडलं. बांगड्याचं डोकं पुढे ठेवलं तरी तिनं मान फिरवली, तेव्हाच माझ्या पोटात धस्स झालं. अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नाकातून रक्त. डॉक्टरांनी आधी तिचा कान उलटा केला, आतल्या घडीत चिकटलेले गोचीड चिमट्यानं एकेक काढून स्पिरिटच्या बाटलीत टाकले, मग रक्त घेतलं. प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या. एर्लिकिया नावाचा जिवाणू. कुत्र्याचा तपकिरी गोचीड चावताना हा जिवाणू रक्तात सोडतो आणि तो पांढऱ्या पेशींत ठाण मांडतो. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवस, पोटात अन्न असतानाच. चौथ्या दिवशी तिनं शेपटी हलवली, पण गोळ्यांचा कोर्स आम्ही पुरा केला. निघताना डॉक्टर म्हणाले, "ताई, ताप मी उतरवतो. गोचीड तुम्हाला घालवायचे आहेत. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात परत याल."

घरी आलो आणि सल्ल्यांची रीघ लागली. शेजारच्या काकी म्हणाल्या, "तंबाखूचा पाणी लाय गो, दोन दिसात सगळे साफ." कुणी रॉकेल सुचवलं, कुणी सीताफळाच्या बियांची पूड. डोंबिवलीच्या नणंदेनं फोन करून भाकरीत रोज लसूण कुस्करून घालायला सांगितलं, म्हणे रक्ताला वास आला की गोचीड चिकटत नाहीत. आमच्या भाऊजींनी तर गुरांच्या गोचिडांचं औषधच आणून दिलं. बाटलीचं टोपण हेच माप, बादलीभर पाणी आणि खराट्यानं शिंपायचं.

या यादीतलं निम्मं 'नैसर्गिक' आणि निम्मं 'केमिकल' अशी वाटणी लोक करतात. माझा या वाटणीवर विश्वास नाही. तंबाखूतलं निकोटिन कुत्र्याला विषच, आणि ते कातडीतूनही शिरतं. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे उवांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आणि कुत्रं पंजानं तोंड पुसतंच. लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. जिचं रक्त आधीच पातळ झालंय तिला लसूण चारायचा, ही कल्पनाच मला सहन होईना. रॉकेलनं कातडी भाजते. दुसऱ्या बाजूला गुरांचं औषधही तितकंच बेभरवशाचं. वाडीतल्या एका कुत्र्याला असंच अंदाजपंचे अमिट्राझ या गुरांच्या औषधाचं पाणी लावलं होतं. त्यानं अंग चाटलं आणि संध्याकाळपर्यंत झिंगल्यासारखा पडून राहिला, नाडीही मंद. वाचला, पण औषधाच्या बाटलीवर गाय का छापलेली असते ते त्याच्या मालकाला कळलं.

करंजेलावर मात्र मी बराच काळ भरवसा ठेवला. कडुनिंब देशावर मुबलक, आमच्याकडे करंज. घाण्यावरून काढून आणलेलं, पिवळसर तपकिरी, उग्र वासाचं तेल खोबरेलात मिसळून मी दोघांच्या कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, गळ्याखाली चोळायची. गुण येत नाही असं नाही. केस निसरडे होतात, बारीक गोचीड हाताला लागतात, नवे चिकटायला थोडे बिचकतात. पण एक-दोन दिवसांत वास उडाला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, आणि राणी व्हाळात जाऊन आली की तासाभरात सगळं धुऊन निघतं. आधीच चिकटलेल्या गोचिडाला तर त्या तेलाचं काही सोयरसुतक नसतं. ज्या घरात कुत्रं एकदा गोचीड तापातून उठलंय, तिथे एवढं पुरत नाही.

मग डॉक्टरांसमोर वही घेऊन बसले. बाजारात मिळणाऱ्या एकेका गोष्टीची त्यांनी नीट फोड करून सांगितली. परमेथ्रिन हे शेवंतीच्या जातकुळीतल्या एका फुलातल्या रसायनावरून घेतलेलं. इंग्लंडमध्ये मायकेल इलियट यांच्या गटानं १९७३ मध्ये ते तयार केलं. ते गोचिडांना चावण्याआधीच पळवतं, हा त्याचा मोठा गुण. पण मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, झटके येऊन मांजर मरू शकतं. मनी टायगरला चिकटून झोपते म्हटल्यावर ते बाद.

नव्या गोळ्या आइसोक्झाझोलिन गटातल्या, म्हणजे फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर वगैरे. गोळी पोटात, औषध रक्तात, आणि रक्त प्यायला आलेला गोचीड त्याच्या मज्जातंतूंवर परिणाम होऊन मरतो. फ्लुरालेनरचा असर साधारण १२ आठवडे राहतो. पावसात भिजा, व्हाळात पोहा, काही फरक पडत नाही. यात एक गोम आहे. मरण्यासाठी गोचिडाला आधी चावावं लागतं, आणि एर्लिकिया काही तासांतही रक्तात उतरू शकतो. म्हणजे गोळी ही ढाल नव्हे. दुसरी गोष्ट टायगरच्या संदर्भातली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सप्टेंबर २०१८ मध्ये या गटाबद्दल जाहीर इशारा दिला होता, की काही कुत्र्यांमध्ये थरथर, तोल जाणं, फिट येणं असे प्रकार दिसतात. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, पण ज्याला आधीच फिट येते त्याच्या बाबतीत जपून. डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, "टायगरला ही नको. राणीला निर्धास्त द्या."

टायगरसाठी उरलं फिप्रोनिल, मानेवर केस बाजूला करून थेट कातडीवर ओतायचं. ते कातडीतल्या तेलग्रंथींत साठून हळूहळू अंगभर पसरतं. टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. माझं मन इथेही थोडं अडखळलं. इंग्लंडमधल्या नद्यांचं पाणी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जवळजवळ प्रत्येक नमुन्यात फिप्रोनिल सापडलं होतं. शेतात ते तिथे वापरत नव्हते, त्यामुळे बोट कुत्र्या-मांजरांच्या औषधाकडेच गेलं. पाण्यातल्या किड्यांना आणि माशांना ते घातक. टायगर म्हातारा आहे, पाण्यात जात नाही, म्हणून मी मान्य केलं. राणीला ते लावलं असतं तर आमच्या व्हाळात खाली मासे धरणाऱ्या पोरांना काय सांगितलं असतं?

औषध ठरलं, पण खरी लढाई पडवीतच होती. हा गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि प्रत्येक वेळी पोट भरलं की कुत्र्यावरून उतरून भेगेत जातो. कात टाकतो, पुन्हा चढतो. मादी शेवटचं पिऊन उतरली की भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालून मरते. कुत्र्याच्या अंगावर आपल्याला दिसतात ते थोडे, बाकी सगळे घरात. उपाशी राहून ते महिनोन्‌महिने वाट बघतात. मग आम्ही गणपतीआधी रंगकाम काढतात तसं काम पुढच्या मार्चमध्येच काढलं. पडवीतलं सगळं बाहेर, कुत्र्यांची पोती जाळली, चिऱ्यांच्या सांध्यांतून तारेच्या ब्रशनं घाण खरवडली. आमच्या ह्यांनी गोठ्यात वापरतात तसली गॅसची बत्ती आणून भोकाभोकांतून ज्योत फिरवली. कौलांचे वासे जवळ असल्यानं मी पाण्याची कळशी घेऊन मागे उभी. आतून बारीक तडतड ऐकू यायची. सांगायला बरं वाटत नाही, पण तो आवाज मला आवडला. नंतर कमरेएवढ्या उंचीपर्यंत गिलावा केला. गवंडी म्हणाला, चिरा झाकता, शोभा जाते. गेली.

पिसवांचा त्रास मांजरामुळे थोडा असतो. पण अंथरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकली आणि कोपऱ्यांतली धूळ झाडून काढत राहिलं की आमच्याकडे त्या आटोक्यात राहतात.

इथे एक भीती मात्र नाहक पसरलेली दिसते. २०१६ पासून दोडामार्ग, सावंतवाडीकडे माकडतापाची साथ आली. काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसांना आरोग्य खात्यानं अंगाला लावायला तेल वाटलं. तेव्हापासून कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसला की लोकांना माकडतापच आठवतो. तो ताप पसरवणारा प्रमुख गोचीड जंगलातला, वेगळ्या जातीचा. पडवीतल्या तपकिरी गोचिडाची धास्ती मुख्यतः कुत्र्यासाठी धरायची. काढताना मात्र बोटांनी चिरडायचा नाही, हे दोन्हींना लागू.

राणीची गोळी वजनावर मिळते. १० ते २० किलोची एक, २० ते ४० ची दुसरी. मोठी गोळी घेऊन दोन कुत्र्यांत तोडून देणारे मी पाहिलेत, कारण एका गोळीला बरेच पैसे लागतात. ती तोडून द्यायची नसते. राणी काट्यावर उभी राहत नाही, म्हणून रेशन दुकानाच्या काट्यावर आधी तिला घेऊन मी आणि मग एकटी मी, अशी वजाबाकी करते. दुकानदार दर वेळी माझंच वजन मोठ्यानं वाचतो.

आता उरला खंड्या, वाडीतला भटका कुत्रा. हा कुणाचाच नाही. दुपारी आमच्या पडवीत झोपतो, रात्री काकींच्या, आणि सगळ्या वाडीचे गोचीड अंगावर घेऊन फिरतो. तो आहे तोवर आमचा गिलावा आणि राणीची गोळी निम्मीच कामाची. म्हणून त्याचीही गोळी सुरू केली, बांगड्याच्या तुकड्यात घालून, भातासोबत. खर्च तीन घरांनी वाटून घ्यायचं ठरलं होतं. समोरच्या घरानं पैसे दिले. काकी अजून तंबाखूच्या पाण्यावरच अडून आहेत, त्यामुळे वाटणी दोघांतच होते.