पहाटेच्या पाळीवर निघालेल्या सईस

प्रिय सई,

आकाशवाणीच्या बातमी विभागात रुजू झालीस आणि लगेच पहाटेची पाळी पदरात पडली, म्हणून कुरकुरतेस. खुशाल कुरकुर, पण त्याआधी बीबीसी रेडिओच्या ‘टुडे’ या सकाळच्या कार्यक्रमाची गोष्ट वाच.

२८ ऑक्टोबर १९५७ला हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचे वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असत आणि मजकूर अगदी हलकाफुलका. निवेदक जॅक डी मानिओ चुकीची वेळ सांगण्यासाठीच प्रसिद्ध! पुढे ब्रायन रेडहेड आणि जॉन टिम्पसन यांच्या काळात बातमीला वजन आलं. सकाळी ८ वाजून १० मिनिटांची मुलाखत म्हणजे मंत्र्यांची परीक्षाच ठरली. जॉन हम्फ्रीज यांनी १९८७ ते २०१९ अशी ३२ वर्षं नेत्यांना धारेवर धरलं.

मला मात्र तुला दोनच सकाळी सांगायच्या आहेत. पहिली २९ मे २००३ची. ६ वाजून ७ मिनिटांनी वार्ताहर अँड्र्यू गिलिगन थेट प्रसारणात बोलत होता. इराक ४५ मिनिटांत महासंहारक शस्त्रं सज्ज करू शकतो हा ब्रिटिश सरकारचा दावा चुकीचा आहे, हे सरकारला बहुधा ठाऊक होतं, असं तो बोलून गेला. समोर लिहिलेला मजकूर नव्हता. त्याला माहिती देणारे शस्त्रतज्ज्ञ डेव्हिड केली यांचं नाव फुटलं आणि जुलैत ते मृतावस्थेत सापडले. जानेवारी २००४मध्ये या मृत्यूविषयीच्या हटन चौकशीने बीबीसीवर ठपका ठेवला. अध्यक्ष गॅविन डेव्हिस आणि महासंचालक ग्रेग डाइक पायउतार झाले. इराकमध्ये ती शस्त्रं कधीच सापडली नाहीत, पण त्या एका सैल वाक्याचा बचाव करता आला नाही.

दुसरी सकाळ १० नोव्हेंबर २०१२ची. बीबीसीच्याच ‘न्यूजनाइट’ या टीव्ही कार्यक्रमाने बालशोषणाच्या प्रकरणात चुकीची बातमी दिली होती. हम्फ्रीज यांनी महासंचालक जॉर्ज एंटविसल यांना, म्हणजे स्वतःच्याच साहेबांना, समोर बसवलं. प्रसारणाआधी तुम्हाला काय माहीत होतं, तुम्ही विचारलं का नाही, असे साधेच प्रश्न. एंटविसल यांच्याकडे उत्तरं नव्हती. त्याच रात्री त्यांनी राजीनामा दिला. पदावर येऊन जेमतेम ५४ दिवस झाले होते.

एकाच कार्यक्रमापायी दोन महासंचालक गेले. एक गेला तो कार्यक्रम चुकला म्हणून, दुसरा गेला तो कार्यक्रमाने नेमकं विचारलं म्हणून. ज्या संस्थेचा पैसा घरोघरच्या परवाना शुल्कातून येतो, तिला स्वतःचीही उलटतपासणी करावी लागते.

आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. त्यामुळे तुझ्या माइकवरून गेलेलं वाक्य पडताळायला श्रोत्याकडे दुसरं स्टेशन नाही. तेव्हा ‘बहुधा’ हा शब्द तोंडी आला की थांब, आणि प्रश्न साहेबांना विचारायचा असला तरी गिळू नकोस.

तुझी,
मावशी