चिखलात शिकलेली गाडी डांबरावर चालते का?

थोडं मोठं लिहितोय. सवडीने वाचा, पण ज्यांच्या घरात १८-२० वर्षांचं पोरगं आहे त्यांनी आजच वाचा.

परवा ताईचा फोन आला. भाचा स्पोर्ट बाईक घ्यायची म्हणून हटून बसलाय. ताई म्हणाली, "तो म्हणतो मी सातवीपासून गाडी चालवतोय, चिखलात चालवतोय, मला काय शिकवता. तू गाडीवाला आहेस, तूच सांग, जमेल का त्याला?"

आता भाच्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. भाटघरच्या कडेकडेने वेळवंड खोऱ्यात, तिकडे भुतोंड्याच्या बाजूला आपली पोरं गाडी कशी शिकतात हे सगळ्यांना माहीत आहे. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, खाली शेवाळलेला दगड नाहीतर लाल चिखल, आणि गाडी जुनी स्प्लेंडर. (सातवीत गाडी देणं चूकच. पण आपल्या घरांत दिली जाते, हेही खरंच.) मीपण तसाच शिकलो, चुलत्यांच्या सीडी हंड्रेडवर.

ही शाळा वाईट नाही. चिखलात मागचं चाक सरकतं, आणि सरकलं तरी आपण पडत नाही, हे एकदा अंगाला कळलं की माणूस घाबरून हँडल आवळत नाही. हात सैल ठेवतो, गुडघ्यांनी टाकी धरतो, ॲक्सिलरेटर एकदम सोडत नाही. हे शहरातल्या क्लासमध्ये मिळत नाही. तीन वर्षांपूर्वी जुलैत संध्याकाळी भोरकडून येत होतो. लावणीचे दिवस. ट्रॅक्टर शेतातून थेट रस्त्यावर आलेला, वळणावर चिखलाचे गोळे पसरलेले. माझं मागचं चाक सरकलं, हातभर गेलं असेल, परत आलं. मागून येणारा माझा पुण्याचा मित्र, माझ्यापेक्षा भारी गाडी, भारी जॅकेट, त्याने दचकून पुढचा ब्रेक दाबला आणि आडवा झाला. खरचटण्यावर निभावलं. त्या दिवशी मला सीडी हंड्रेडने वाचवलं असं मी आजही मानतो.

भाच्याने मला मोबाईलवर मार्केझचे व्हिडिओ दाखवले. मातीच्या ट्रॅकवर सराव करतो आणि मोटोजीपी जिंकतो. बरोबर आहे. अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स मातीच्या शर्यतींतून आला आणि १९७८ पासून सलग तीन वर्षं ५०० सीसीचा जगज्जेता झाला. ऑस्ट्रेलियाचा केसी स्टोनर लहानपणी मातीतच खेळला, २००७ आणि २०११ ला जिंकला. रॉसीने तर इटलीत आपल्या गावाजवळ मातीचा ट्रॅकच बांधलाय. पण त्याच रॉसीने २०१७ साली एन्ड्युरोच्या सरावात पाय मोडून घेतला, तो व्हिडिओ भाच्याने दाखवला नाही. आणि ही सगळी माणसं मातीतून डांबरी ट्रॅकवर गेली. तिथे समोरून एसटी येत नाही.

एसटीचं मुद्दाम लिहिलं. २०१० साली मी पहिली वेगाची गाडी घेतली. नीरा देवघरच्या पुढे वरंध घाटात एका वळणात जरा जास्त वेगाने शिरलो. तेव्हा अंगाने काय केलं ते सांगतो, कारण अंगाने तेच केलं जे चिखलात शिकलं होतं. एक, फक्त मागचा ब्रेक दाबला. दोन, गाडी खाली ढकलली आणि स्वतः ताठ बसलो. तीन, आतला पाय काढून जमिनीला टेकवला. चिखलात या तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. घाटात तिन्ही चुकल्या. मागचं चाक लॉक झालं, गाडी वळणाबाहेर जाऊन समोरच्या लेनमध्ये शिरली, पाय डांबरात अडकला आणि घोटा मोडला. समोरून महाडची एसटी येत होती. ड्रायव्हरने वेळेत थांबवली, कंडक्टरने उचलून कडेला बसवलं. त्या दोघांची नावं विचारायची राहिली, याची चुटपुट अजून आहे.

नंतर हळूहळू समजत गेलं. मातीत पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक अडकतं आणि आपण तोंडावर. म्हणून आपल्या पोरांची बोटं पुढच्या ब्रेकवर जातच नाहीत. कोरड्या डांबरावर उलटं आहे. ब्रेक लावला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं, थांबवायचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं. वळणाचंही तसंच. मातीत गाडी आपल्या खाली झुकते, आपण वर. डांबरावर आपण अंग आत टाकायचं म्हणजे गाडी कमी झुकवावी लागते आणि टायरची पकड शिल्लक राहते. पाय तर फूटरेस्टवरून हलवायचाच नाही.

आणि वेग. आपली पोरं चिखलात ताशी २५-३० ने हुशार आहेत. १०० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. "अरे!" म्हणेपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं. एबीएस आहे की, असं भाचा म्हणतो. आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना सक्तीचंच आहे. पण लिव्हर दाबलाच नाही तर एबीएस काय करणार?

दर पावसाळ्यात धरण भरलं की पुण्याच्या बाईकवाल्यांना शिव्या घालणाऱ्या पोस्ट आपण सगळे टाकतो, मीपण टाकल्यात. आपल्या पोरांबद्दल कुणी लिहीत नाही. पोरगं गावातलं असलं की "रस्ता खराब होता" म्हणून विषय संपतो.

रस्त्याचंही बोललंच पाहिजे. खड्डे बुजवल्यावर उरलेली बारीक खडी वळणावर तशीच सोडून देतात. ती झाडायला दोन माणसं आणि एक तास लागतो. आणि ट्रॅक्टरवाल्या भावांनो, रागावू नका. बांधावरच खोऱ्याने चाकाचा चिखल काढा, मग डांबरावर या. माझं मागचं चाक परत आलं, सगळ्यांचं येईलच असं नाही.

ताईला मी नाही म्हणून सांगितलं नाही. म्हटलं, बुकिंग करू नका, आधी चार रविवार त्याला माझ्याकडे पाठव. गेल्या रविवारी गावाबाहेर जुन्या रस्त्याच्या सरळ तुकड्यावर गेलो, आता तिथून वाहतूक जात नाही. माझी गाडी दिली, ४० चा वेग, आणि म्हटलं, या दगडापाशी ब्रेक लाव, तुझ्या सवयीने लाव. फक्त मागचा लावला. थांबला तिथपर्यंत पावलं मोजली, २३. मग पुढचा हळूहळू दाबत जायला शिकवलं, झटका न देता. पहिल्या चार-पाच वेळा बोटं घाबरत होती. शेवटी दोन्ही ब्रेक नीट लागले, १४ पावलं.

नऊ पावलांचा फरक. पोरगं गाडीवरून उतरलं, दोन्ही दगडांकडे बघत उभं राहिलं, मग म्हणालं, "मामा, अजून एकदा."

येत्या रविवारी सकाळी ७ ला परत जाणार आहे. अंग आत टाकायचं शिकवायचंय, तेही ३०-४० च्या वेगातच. आणखी कुणाची पोरं यायची असतील तर खाली कमेंट करा. लायसन, हेल्मेट आणि घोट्याच्या वर येणारे बूट पाहिजेत. चप्पल घालून आलेल्याला परत पाठवीन.