गालभर पाणी

"उपासाला तुम्हांला काय काय चालतं?" आम्हां बेने इस्राएल ज्यू मंडळींना हा प्रश्न शेजारपाजारच्यांकडून जन्मभर ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी असते. आपण सांगायचं, "काहीच नाही. पाणीसुद्धा नाही." मग समोरून येतं, "अगं बाई, निर्जळी!" आणि आपला भाव एकदम वधारतो. शाळेत असताना ह्या वधारलेल्या भावावर मी बरीच मिजास केली. आता तो आदर घ्यायला संकोच वाटतो. त्याला कारण २०१९ सालचा किप्पूरचा उपास आणि माझी आई.

आमचे वर्षाचे ठरलेले उपास सहा. त्यांतले चार लहान, पहाट फुटल्यापासून चांदण्या दिसेपर्यंतचे. तेवेथच्या दशमीला नबुखद्नेस्सरने यरुशलेमला वेढा घातला, तम्मूजच्या सतराव्या दिवशी शहराचा तट फुटला, तिश्रीच्या तृतीयेला गदल्या नावाच्या सुभेदाराचा खून झाला. ह्या तिन्हींचा उपास. चौथा पुरीम सणाच्या आधीचा, एस्तेर राणीचा. मोठे उपास दोनच. ते सूर्यास्ताच्या सुमारास सुरू होतात आणि दुसऱ्या दिवशी रात्र पडल्यावर सुटतात, म्हणजे साधारण पंचवीस तास. एक आव महिन्याच्या नवमीचा, यरुशलेमची दोन्ही मंदिरं पडल्याच्या शोकाचा. ह्याला आमच्यात बिरड्याचा सण म्हणतात. शोकाच्या त्या दिवसांत घरात मांस शिजत नाही, मोड आलेले वाल सोलून बिरडं होतं. मंदिर जळाल्याच्या दुःखाला सण म्हणायचं आणि त्याला वालाचं नाव द्यायचं, हे कोकणातच होऊ शकतं.

दुसरा मोठा उपास तिश्रीच्या दशमीचा, योम किप्पूर. जुनी माणसं त्याला दरफाळणीचा सण म्हणत. मोठ्या उपासांना पाच गोष्टी वर्ज्य: खाणंपिणं, अंघोळ, अंगाला तेल-अत्तर, चामड्याची पायताणं आणि नवराबायकोचा संग. बाकीचे उपास शनिवारी आले तर मागेपुढे सरकवतात, कारण शाब्बाथला उपास करायचा नसतो. किप्पूर तेवढा शाब्बाथलाही हटत नाही.

आईचं माहेर रेवदंड्याजवळचं. तिच्या लहानपणी दरफाळणीला खरोखरच दार लागे. घरातली सगळी पांढऱ्या कपड्यांत, कोणी उंबरा ओलांडायचा नाही, बाहेरच्याशी बोलायचं नाही. त्या दिवसांत घराण्यातले मेलेले लोक घरी येऊन राहतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात असं तिची आजी सांगायची. शिळ्या सणाला मग भेटीगाठी, दानधर्म. मुलीला बाराव्या वर्षी उपास लागू होतो, मुलाला तेराव्या. आईने बाराव्या वर्षी धरलेला उपास बाळंतपणांतही सोडला नव्हता. हे ती सांगायची तेव्हा तिचा आवाज थोडा उंच होई.

सत्तरी ओलांडल्यावर तिला इन्सुलिन लागलं. २०१९ च्या भाद्रपदात दोनदा तिची साखर इतकी खाली गेली की बोलता बोलता तिची जीभ जड झाली. डॉक्टरांना किप्पूरचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पंचवीस तास उपाशी? मुळीच नाही." आई दवाखान्यातून निघाली ती थेट घरापर्यंत गप्प. घरी आल्यावर म्हणाली, "त्यांना काय कळतंय आपलं? देव बघून घेईल."

ठाण्याचं आमचं सिनेगॉग, शआर हश्शामाईम, १८७९ सालचं. टेंभी नाक्यावर, सिव्हिल हॉस्पिटलच्या समोर. तिथे नेमाने येणारे एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, धर्मशास्त्राचा चांगला अभ्यास असलेले. त्यांना मी घरी बोलावलं ते आईची समजूत घालायला. त्यांनी समजूत घातलीच नाही. चहा घेतला आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले? शब्द न् शब्द सांगा."

ऐकून ते आईला म्हणाले, "वहिनी, मग ह्या वर्षी तुम्हांला खायचंय."

"म्हणजे देवाने सूट दिली म्हणायची."

"सूट नाही. हुकूम. जिवाला धोका असताना जो उपास धरतो त्याचं पुण्य लिहिलं जात नाही, त्याच्यावर दोष येतो."

मग त्यांनी मिश्ना ह्या आमच्या जुन्या धर्मग्रंथातल्या योमा ह्या भागाचा आठवा अध्याय उलगडला. गरोदर बाईला वासाने डोहाळा लागला आणि जीव कासावीस झाला, तर तिचा जीव शांत होईपर्यंत तिला भरवायचं. आजारी माणसाला जाणत्याच्या सांगण्यावरून भरवायचं. आणि आजारी स्वतः म्हणाला की मला खायला हवं, तर भोवती कितीही वैद्य नको म्हणत असले तरी त्याचंच ऐकायचं. त्याच्या शरीराचं त्यालाच कळतं. हे आईला पटलं. ती लगेच म्हणाली, "मग मी म्हणते, मला नको!" काका हसले. "ते उलट्या बाजूने चालत नाही. वैद्य 'द्या' म्हणाला आणि तुम्ही 'नको' म्हणालात, तर वैद्याचं चालतं. दोघांपैकी जो जीव वाचवायच्या बाजूचा, त्याचं."

आई तरी हलेना, तेव्हा त्यांनी विल्नाची गोष्ट काढली. १८४८ साली तिथे कॉलऱ्याची साथ होती. रब्बी इस्राएल सालांतर यांनी लोकांना किप्पूरला खायला सांगितलं. भर सिनेगॉगमध्ये उभं राहून त्यांनी स्वतः खाल्लं अशीही कथा आहे. "ते तुमच्यापेक्षा कमी धार्मिक होते का, वहिनी?" ह्यावर आईकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं तिला हरायचंच होतं, पण तोलामोलाच्या माणसाकडून.

खरा अभ्यास पुढेच होता. शास्त्रात किप्पूरला पूर्ण दोष लागतो तो एका मापाइतकं खाल्लं तर. मोठ्या खजुराएवढं, म्हणजे अंड्याहून थोडं कमी. पिण्याचं माप गालभर. तेवढं एका ठरावीक वेळेच्या आत पोटात गेलं तर ते 'खाणं'. म्हणून ज्या आजाऱ्याचं थोड्याथोड्याने भागतं त्याने मापाहून कमी घ्यायचं, आणि दोन घासांमध्ये अंतर ठेवायचं. काकांच्या हिशेबाने घास तीस मिलिलिटरच्या आत, अंतर नऊ मिनिटांचं. ज्याचं तेवढ्याने भागत नाही त्याने सरळ पोटभर जेवायचं, त्यात कमीपणा नाही. आईचं कशाने भागेल ते डॉक्टर सांगणार. मी पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हे सगळं कान देऊन ऐकलं, वेळेचा हिशेब कागदावर मांडला, इन्सुलिनचा डोस कमी केला आणि साखर अमुक आकड्याखाली गेली तर माप-बीप न बघता खायचं असं बजावलं. "हे नियम कोणी केले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अठराशे वर्षं तरी झाली. ते म्हणाले, "आमच्या पेशंटांना मी रोज हेच सांगतो, थोडं थोडं खा."

गालभर पाण्याचं माप प्रत्येकाचं आपापलं असतं. ते आधी काढून ठेवावं लागतं. तेव्हा आदल्या दिवशी सकाळी आई मोरीत उभी राहिली, एक गाल फुगेल इतकं पाणी तोंडात घेतलं आणि पेल्यात थुंकली. मी ते खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजलं. त्याच्याहून थोडं कमी पाणी मावेल अशी वाटी शोधताना स्वयंपाकघरातल्या सगळ्या वाट्या बाहेर आल्या. शेवटी नातीच्या भातुकलीतलं स्टीलचं फुलपात्र चपखल बसलं. आई ते पाहून पहिल्यांदा हसली.

त्या दिवशी दसरा होता. आश्विनातली दशमी आणि तिश्रीची दशमी, दोन्ही चंद्राच्या, अशा कधीकधी गाठ घालतात. बाहेर झेंडूचे ढीग, ढोल, टेंभी नाक्यावर देवीपुढे माणसांचा पूर. आमच्या घरात दुपारी नारळाच्या दुधातली कोंबडी आणि भात, मीठ हात राखून, म्हणजे पुढे तहान लागू नये. किप्पूरच्या आदल्या दिवशी नीट जेवणं हेही धर्माचंच काम मानलेलं आहे. पाच वाजता शेजारच्या ताई सोनं द्यायला आल्या. आईने आपट्याची पानं घेतली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "वर्षभरात माझं काही चुकलं असेल, बोलले असेन, तर माफ करा." ताई भांबावल्या. किप्पूर देवाकडचे अपराध धुतो, माणसांकडचे नाही. ते ज्याचे त्याच्याकडे जाऊन मिटवायचे असतात, आणि सूर्यास्ताआधी. गॅलरीतल्या कुंड्यांच्या पाण्यावरून दोघींची मागे बोलाचाली झाली होती. ती तिथे संपली.

दुसऱ्या दिवशी मी सिनेगॉगमध्ये गेलो नाही. किप्पूरला स्वयंपाक नाही म्हणून उकडलेले बटाटे, चपातीचे तुकडे आदल्या दिवशीच मोजून डबीत भरले होते. पहिला घास घेण्याआधी आईने बेराखा, म्हणजे अन्नावरची प्रार्थना, म्हटली आणि माझ्याकडे पाठ केली. बारा वर्षांची असल्यापासून ह्या दिवशी तिने तोंड हलवलेलं नव्हतं. घास चावायला तिला किती वेळ लागला ते मी भिंतीवरच्या घड्याळात पाहत होतो. नऊ मिनिटं झाली की मी मान हलवायची, मग फुलपात्रातलं पाणी. पुन्हा नऊ मिनिटं. असा एक फेरा, मग विश्रांती, मग साखर तपासायची. रक्त काढणं, यंत्र चालवणं हे त्या दिवशी एरवी वर्ज्य, जिवासाठी मोकळं. लिहिणं मात्र टाळता येण्यासारखं होतं, म्हणून आकडे मी डोक्यात ठेवले. आई मधेच विचारायची, "मगाशी किती होती?" चुकलो तर तिला बरोबर आठवायचं.

माझा उपास ह्यात कुठे होता? चहा न मिळाल्याने दहा वाजता डोकं ठणकायला लागलं, चारला जिभेला कोरड पडली, एवढंच. उपाशी राहायला मला काही करावंच लागलं नाही, नुसतं बसून राहायचं. आईला मात्र दर घासाला आपल्या हट्टाशी भांडावं लागत होतं. दुपारी योनाची गोष्ट वाचायची असते ती तिने मोठ्याने वाचली, देवाने सांगितलेल्या दिशेच्या उलट पळालेल्या माणसाची. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "मीपण तिकडेच चालले होते."

रात्र पडल्यावर काळ्या मनुकांच्या सरबताने आम्ही दोघांनी उपास सोडला. तिनेही 'सोडला' असंच म्हटलं, आणि मी तिला दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, एक पाहुणे आले. ताप असतानाही आपण पाणी घेतलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग आईला विचारलं, "तुमचा झाला ना नीट?" आई म्हणाली, "झाला. घड्याळ लावून झाला." त्यांना काही उमगलं नाही. आमच्या समाजात ही तापातल्या उपासाची बढाई फार चालते. माझं स्पष्ट मत आहे की ती अधर्माची बढाई आहे, आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावणं बंद केलं पाहिजे.

ज्यांच्या घरी इन्सुलिनवरचं, हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं आहे, त्यांनी तिश्रीच्या आधीचा एलूल महिना लागताच हा विषय काढावा, आदल्या संध्याकाळी नव्हे. आधी डॉक्टरांना विचारावं आणि मग धर्मशास्त्र जाणणाऱ्याला. हा क्रम उलटवू नये, कारण दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या उत्तरावरच उभं असतं. आणि आजाऱ्याला घेऊनच जावं. आपण परस्पर आणलेली परवानगी म्हातारी माणसं मानत नाहीत.