पांढरी तार, पिवळी तार

मंचरच्या जुन्या घरातल्या पोटमाळ्यावर एक व्हीएचएस कॅसेट सापडली. थोरल्या बहिणीच्या लग्नाची, 1989 सालची. घाणा भरताना आत्याने म्हटलेल्या ओव्या तीत असणार, असा आईचा भरवसा होता. आत्या जाऊन बारा वर्षे झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही राहिलेला नाही.

व्हीसीआर दुरुस्त करून आणला. पिवळी तार चित्राची, पांढरी आवाजाची. नव्या टीव्हीला ती भोकेच नाहीत, म्हणून दोन्ही तारा रिसीव्हरला जोडल्या आणि रिसीव्हर टीव्हीला. क्षणभर मांडवाची झालर दिसे, की लगेच पडदा निळा! दोष तारांचा नव्हता, हे कळायला दोन संध्याकाळी गेल्या. जीर्ण फितीवरून येणाऱ्या रेषांची वेळ किंचित मागेपुढे होते. पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही हे अडखळणे चालवून घेतो. चित्र वरच्या कडेला वाकते, पण थांबत नाही. अंकीय रिसीव्हरला एवढी ढिलाई सोसत नाही. सिग्नलच नाही असे ठरवून तो मोकळा होतो.

इथून जवळच, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेनांच्या दुर्बिणीचे केंद्र आहे. दूरच्या दीर्घिकांची क्षीण कुजबुज ऐकण्यासाठी रेडिओ-गोंगाट कमी असलेला हा मुलूख निवडला गेला. आणि मला हातभर तारेतून आत्या ऐकू येईना! (ही तुलना अगदीच अस्थानी आहे, हे मान्य.)

अखेर शेजाऱ्यांचा अडगळीतला टीव्ही मागून आणला. पिवळी तार थेट त्याला, पांढरी रिसीव्हरला. चित्र एका यंत्रावर, आवाज दुसऱ्यातून. हळदीच्या हातांनी जात्याचा खुंटा धरलेली आत्या दिसली. तिचे ओठ हलू लागले आणि स्पीकरमधून खणखणीत सनई सुरू झाली.

चित्रीकरण करणाऱ्याने, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे, संबंध फितीवर सनईची कॅसेट चढवली होती. व्हीएचएसच्या कडेला आवाजाची एकच अरुंद पट्टी असते. तिच्यावर नवे भरले की आधीचे पुसले जाते. खाली काही दडून राहत नाही. मी हे आईला सांगितले. तिने ऐकले की नाही, कोण जाणे.

“सनई बंद कर,” ती म्हणाली. मी पांढरी तार काढली. आई खुर्ची पुढे ओढून टीव्हीजवळ बसली आणि आत्याच्या ओठांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मागे घे. पहिला शब्द सुटला.”