सोवळ्यातली नानकटाई
काशीच्या अमृतराव घाटाला आता राजा घाट म्हणतात. अमृतराव पेशव्यांच्या नावाच्या त्या घाटानजीक माझ्या आजीने वैधव्याची चाळीस वर्षे काढली. भट्टीतल्या पावात तेव्हा ताडी असे, म्हणून तिथली बिस्किटेही तिला वर्ज्य होती. नातवंडांसाठी ती नानकटाई घरीच भाजी. परातीत तूप पांढरेशुभ्र होईतो फेसायचे, मग पिठीसाखर, मैदा, वेलदोड्याची पूड. पाण्याचा थेंबही नाही. पातेले मंद शेगडीवर, झाकणावर निखारे. नानकटाईचा उगम सुरतेच्या डचांच्या भट्टीत सांगतात. आजीच्या निखाऱ्यांवर ती सोवळी झाली. स्वतः मात्र तिने एकही कधी चाखली नाही. सोवळ्याने तिच्या ताटातले पुष्कळ काही काढून घेतले होते. आमच्या तोंडी गोड घास घालण्याचा हक्क तेवढा तिने सोडला नाही.