हंडीतले नशीब

भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला कधी कधी एखादा साधासा शब्द दिवसभर अडवून धरतो. ‘पॉटलक’ हा त्यांतलाच एक. अवचित दारी आलेल्या पाहुण्याला हंडीत जे शिजले असेल तेच वाढायचे, हा त्याचा जुना अर्थ. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा आणि सर्वांनी मिळून जेवायचे, हा आजचा. आपल्या अंगतपंगतीशी त्याचे जवळचे नाते आहे. मात्र अंगतपंगतीत जो तो आपापला डबा उघडतो, तर पॉटलकमध्ये एकाने आणलेला पदार्थ साऱ्यांचा असतो.

म्हणूनच तेथे चढाओढीला वाव मिळतो. मी जेथे काम करते त्या कार्यालयात निरनिराळ्या प्रांतांतील मंडळी आहेत. एकाने केशरी पुलाव आणावा, दुसऱ्याने मिठाईच्या पेट्या आणाव्यात, असे होता होता बिहारकडील एका लेखनिक बाईंना सहभोजनाच्या दिवशी नेमका उपास येऊ लागला. त्या उपासाचे कारण तिथी नसून ताटांतला थाट आहे, हे ओळखायला पंचांग उघडण्याची गरज नव्हती.

त्या सुमारास माझ्या हाती आयर्लंडच्या खाद्यपदार्थांवरील एक लेख भाषांतरासाठी होता. १७ मार्चला तेथे संत पॅट्रिकचा सण असतो आणि आमचे पुढचे सहभोजनही त्याच आठवड्यात होते. त्या लेखातले दोन पदार्थ करून न्यायचे मी ठरविले.

पहिला सोडा ब्रेड. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडात खाण्याचा सोडा मिळू लागला. तेथील मऊ गव्हाला यीस्टचा पाव फारसा मानवत नाही, पण सोड्याला ताकाचा आंबटपणा भेटला की वायूचे बुडबुडे उठतात आणि पीठ हलके होते. गरिबाच्या घरी भट्टी कोठली? दलदलीतून कापून वाळविलेल्या पीटच्या विस्तवावर बिडाचे भांडे ठेवीत, झाकणावर निखारे रचीत आणि त्यांत पाव भाजीत. आपण ४५० ग्रॅम मैदा, चमचाभर मीठ, एक सपाट चमचा सोडा आणि सुमारे ३५० मिलिलिटर दाट, आंबट ताक घ्यावे. अर्धी कणीक घेतली तरी चालते. पीठ मळू नये. हलक्या हाताने गोळा करून त्यावर खोल फुली कापावी, म्हणजे आच मध्यापर्यंत पोचते. २०० अंश सेल्सिअसला सुमारे ४० मिनिटे भाजावे. तळावर टिचकी मारताच पोकळ आवाज आला की पाव झाला.

दुसरा कोलकॅनन. एक किलो बटाटे उकडून कुसकरावेत. त्यांत शिजविलेली कोबी, पातीचा कांदा, ऊन दूध आणि हात न आखडता लोणी घालावे. हॅलोवीनच्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, यांत नाणे किंवा अंगठी दडविण्याची तेथे प्रथा आहे. ज्याच्या वाट्याला ती येईल त्याचे नशीब!

या बटाट्यामागे मोठे दुःखही आहे. १८४५ साली त्याच्यावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगांनी मेली. तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत सुमारे ८२ लाख असलेली वस्ती १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. त्याच वर्षांत धान्य आणि गुरे मात्र बंदरांतून इंग्लंडला जातच होती. अन्न आहे, पण ते भुकेल्यापर्यंत पोचत नाही, याहून कठोर गोष्ट कोणती? अशा देशाने आपले गरिबीचे अन्न लपवून न ठेवता सणाच्या पानात अभिमानाने वाढले, हे मला फार मोलाचे वाटते.

हे सारे मी जेवताना सांगितले नाही. पावाच्या फोडी केल्या, लोणी जवळ ठेवले, एवढेच. “यांत आहे तरी काय?” असे त्या बाईंनी विचारले. “मैदा, ताक आणि सोडा,” मी म्हटले. त्या दिवशी त्यांनी उपास मोडला. पुढच्या खेपेस त्यांनी सत्तूची लिट्टी आणली. तीही निखाऱ्यांवर भाजलेली होती, आणि तिचा फडशा सर्वांच्या आधी पडला.

ज्यांना गोड न्यावयाचे असेल त्यांनी चहाचा ब्रॅक करावा. मनुका आणि बेदाणे साखर घातलेल्या कडक, कोऱ्या चहात रात्रभर भिजवावेत. सकाळी त्यांत मैदा, बेकिंग पावडर व एक अंडे मिसळून मंद आचेवर तासाभराहून अधिक भाजावे. आयर्लंडातील कडक चहात आसामच्या पानांचा वाटा मोठा असतो, तेव्हा हा स्वाद आपल्याला परका वाटणार नाही. ब्रॅक डब्यात काही दिवस टिकतो, म्हणून आदल्या दिवशी करून ठेवता येतो. डब्यावर मात्र ‘यांत अंडे आहे’ अशी चिठ्ठी अवश्य लावावी. पंक्तीला बसलेल्या कोणालाही संकोचाने उपाशी उठावे लागू नये, एवढे पथ्य सांभाळले की पदार्थ कितीही साधा असला तरी चालतो.