जाजाचं ओपोबो

ती. मामा,


तुमच्या व्याख्यानाचं टिपण वाचलं. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला, पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आरमाराची गस्त बसवली, हे सगळं बरोबरच आहे. पण तिथून तुम्ही एकदम आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवणाऱ्या बर्लिन परिषदेवर येता. मधली पाऊणशे वर्षं आफ्रिकेतले लोक काय करत होते? ते टिपणात यावं असं मला फार वाटतं, म्हणून एकाच माणसाबद्दल लिहिते.

नायजरच्या त्रिभुज प्रदेशात बॉनी हे बंदर आहे. इथून असंख्य माणसं अटलांटिकपार विकली गेली. तो धंदा बसत गेला तसा त्याच धक्क्यावर पामतेलाचा बाजार वाढला, कारण साबण, मेणबत्त्या आणि यंत्रांचं वंगण यांसाठी लिव्हरपूलला तेल हवं होतं. आतल्या इग्बो लोकांच्या मुलखात पामफळं उकडून कांडायची, वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं आणि होड्यांतून खाडीखाडीने किनाऱ्याला आणायचं. हा व्यापार बॉनीतल्या मोठ्या घराण्यांच्या हाती होता. विकत आणलेला पोरगा कर्तबगार निघाला, तर तो घराण्याचा प्रमुखही होऊ शके.

जाजा हा असाच, इग्बो मुलखातून लहानपणी विकला गेलेला. त्याच्या घराण्याचा प्रमुख वारला तेव्हा डोक्यावर एवढं कर्ज होतं, की ती गादी कुणी घेईना. जाजाने ती घेतली आणि कर्ज फेडलं. १८६९ मध्ये प्रतिस्पर्धी घराण्याशी लढाई जुंपली, तेव्हा तो आपली माणसं घेऊन बाहेर पडला आणि पूर्वेला इमो नदीच्या मुखाजवळ ओपोबो वसवलं. जागा अशी हेरली, की आतल्या तेलबाजारांची वाट त्याच्या दारावरून जावी. बॉनीचा व्यापार आटला. १८७३ मध्ये ब्रिटनने त्याला राजा म्हणून मान्यता दिली. तुम्हाला इथे असाच गुलामीतून वर आलेला मलिक अंबर आठवेल. पण अंबरने निजामशाहीची डळमळती गादी सावरली. जाजाने राज्यच नवं उभं केलं.

१८८४ मध्ये ब्रिटिशांनी संरक्षणाचा तह पुढे केला. मुक्त व्यापाराचं कलम वगळायला लावूनच जाजाने सही केली. मधले दलाल टाळून तो आपलं तेल थेट इंग्लंडला पाठवू लागला होता आणि तेच गोऱ्या व्यापाऱ्यांना खुपत होतं. १८८७ मध्ये हॅरी जॉन्स्टन या अधिकाऱ्याने परत जाऊ देण्याची हमी देऊन त्याला युद्धनौकेवर बोलावलं आणि अटक केली. हा शुद्ध विश्वासघात होता. अक्रामध्ये चौकशी झाली आणि जाजाची रवानगी वेस्ट इंडिजमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावर झाली, जिथे आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांचेच वंशज राहत होते. १८९१ मध्ये परतीची परवानगी मिळाली, पण वाटेत टेनेरीफला तो वारला.

तरी त्याला निव्वळ नायक करू नका, मामा. त्याच्या होड्यांची वल्ही गुलामच मारत होते. समुद्रापारची विक्री थांबली, पण तेल काढायला आणि वाहायला माणसं लागत होती, म्हणून आतल्या मुलखातली गुलामगिरी उलट वाढली. कायदा लंडनमध्ये झाला म्हणून त्या वल्हेकऱ्याची सुटका झाली नाही.

व्याख्यानात बर्लिनची दहा मिनिटं कमी करा, पण जाजा आणि त्याचे वल्हेकरी या दोघांनाही घ्या. मामींना नमस्कार.

तुमची भाची